नकटा, मल्या आणि कर्नल साइक्स

खराडीतल्या ज्या इमारतीत मी काम करतो, तिच्या पँट्रीच्या खिडकीतून मुळा-मुठा दिसते. दिसते म्हणजे उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा पट्टा दिसतो आणि पावसाच्या सुरुवातीला पाण्यावरचा पांढरा फेस. चहा पिताना त्या बाजूला कोणी बघत नाही. मीही बघत नव्हतो. पण दोन वर्षांपूर्वी माशांच्या एका ऑनलाइन सूचीत भटकताना एक ओळ समोर आली. दख्खनचा महसीर, शास्त्रीय नाव टॉर खुड्री. पहिला नमुना कुठला? मुठा-मुळा नदी, पुण्याच्या पूर्वेला आठ मैल.

आठ मैल म्हणजे जेमतेम तेरा किलोमीटर. मी मॅप उघडला, पुण्याच्या जुन्या वस्तीपासून नदीच्या अंगाने पूर्वेला सरकत गेलो. बोट खराडी ओलांडून मांजरीच्या आसपास थांबलं. म्हणजे आमच्या पँट्रीच्या खिडकीतून दिसणारी नदी, थोडं पुढचं वळण. तिथे कधीकाळी असा मासा होता, जो बघून कोणाला तरी वाटलं की याची जगाला ओळख करून दिली पाहिजे.

तो कोणी तरी म्हणजे विल्यम हेन्री साइक्स. जन्म १७९०, मुंबई लष्करातला अधिकारी. १८१७ मध्ये खडकीला पेशव्यांच्या फौजेशी लढाई झाली तेव्हा हा इंग्रजांच्या बाजूने देशी शिपायांच्या तुकडीवर होता. पेशवाई गेली, आणि पुढे १८२४ मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने त्याच साइक्सला नव्या मुलखाची मोजदाद करायला नेमलं. पद होतं स्टॅटिस्टिकल रिपोर्टर. गावं, माणसं, पिकं, वजनं-मापं, पाऊस, हवेचा दाब, सगळं मोजायचं. राज्य ताब्यात घेतलं की त्याचा डेटाबेस बनवावा लागतो, हे तेव्हाही खरं होतं. साइक्सने सात-आठ वर्षं दख्खन पालथं घातलं आणि सरकारने मागितलं नव्हतं तेही मोजलं. पक्षी, प्राणी आणि मासे. १८३१ ला तो विलायतेला परतला. माशांची यादी १८३९ साली लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या वृत्तात छापून आली, आणि सविस्तर निबंध चित्रांसह १८४१ मध्ये.

मी ती यादी वाचायला घेतली ती टाइमपास म्हणून. पण वाचता वाचता काहीतरी ओळखीचं ऐकू येऊ लागलं. शास्त्रीय नावाचे दोन भाग असतात. पहिला भाग कुळाचा, तो सहसा लॅटिन किंवा ग्रीक. दुसरा भाग त्या जातीचा, आणि तो साइक्सने बऱ्याच ठिकाणी सरळ मराठी ठेवला आहे. टाकरी. गुंगवारी. शिंगटी. बोबरी. अळकुटी. बोगट. सांदखोळ. पोटेल. कोळस. युरोपातल्या विद्वानांसाठी लिहिलेल्या निबंधात मधूनच भीमेकाठचा बाजार भरल्यासारखा वाटतो.

स्पेलिंगचं एक कोडं मात्र आधी सोडवावं लागतं. साइक्सच्या काळातले इंग्रज आपला 'अ' लिहायला 'यू' हे अक्षर वापरत. 'दखन' हा शब्द तो लिहितो तेव्हा आजच्या डोळ्यांना 'डुखुन' दिसतो. हा नियम हाती आला की नावं उलगडायला लागतात. 'कुरपाह' म्हणून जो लिहिला आहे तो कोकणातल्या कोणालाही ओळखू येईल असा खरपा. आज सगळे मत्स्यशास्त्रज्ञ ज्याला 'खुड्री' म्हणतात तो त्याच हिशोबाने खडरी किंवा खदरी असणार. आणि 'नुक्टा'?

नुक्टा हा या यादीतला सगळ्यात विचित्र मासा. त्याच्या थोबाडावर आडवी खोल खाच असते आणि वर शिंगासारखा उंचवटा, जणू कोणी नाक मध्येच चेपून वर उचललं आहे. साइक्सला तो चाकणजवळ इंद्रायणीत मिळाला. आजच्या पुस्तकांत त्याचं नाव शिस्मॅटोरिंकस नुक्टा. मी हे नाव महिनाभर नुक्टा असंच वाचत होतो, कुठला तरी फारसी शब्द असेल असं धरून. मग एक दिवस बसमध्ये 'यू'चा तो नियम आठवला आणि मी एकटाच हसलो. नकटा! नाक बसलेला, म्हणून नकटा. इंद्रायणीकाठच्या कोणा भोयाने जाळ्यातून मासा काढून साहेबापुढे धरला असेल, साहेबाने विचारलं असेल याला काय म्हणतात, आणि त्याने जे दिसतंय तेच सांगितलं. कुठल्याही पुस्तकात मी हा अर्थ वाचलेला नाही, हा माझा तर्क आहे. पण त्या माशाचं चित्र एकदा बघा आणि मग दुसरा काही अर्थ लावून दाखवा.

साइक्सने मित्रांची मर्जीही सांभाळली, हे सांगायला हवं. यॅरेल, चिल्ड्रेन, ऑगिल्बी, व्हिगर्स अशा लंडनच्या प्राणिशास्त्री मंडळींची नावं त्याने आपल्या नद्यांतल्या माशांना दिली. त्यांच्यातले काही तर या नदीच्या काठी कधी उभेही राहिले नव्हते. ज्यांनी मासे धरून आणले, नावं सांगितली, त्या भोई-कोळ्यांपैकी एकाचंही नाव कुठल्या माशाला नाही. त्यांचा फक्त शब्द राहिला. पण तो पक्का राहिला. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा नियम असा की, एकदा रीतसर दिलेलं जातीचं नाव सहसा बदलत नाही. कुळ बदलेल, मासा या खात्यातून त्या खात्यात जाईल, पण शेपटीला लागलेला तो शब्द बरोबर जातो. आमच्या धंद्यात जुन्या कोडबेसमध्ये हे रोज दिसतं. फंक्शन लिहिणारा कंपनी सोडून दहा वर्षं झाली, फंक्शनही कोणी वापरत नाही, तरी त्याने ठेवलेलं नाव पन्नास ठिकाणी तसंच असतं, आणि ते बदलायची कोणाची हिंमत होत नाही.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. म्हणजे एकीकडे मोल्सवर्थ मराठी शब्द गोळा करत होता आणि त्याच वर्षांत साइक्स मासे गोळा करता करता नकळत तेच करत होता. त्याचा कोश लॅटिनच्या आत दडलेला, इतकाच फरक.

आता त्या यादीतल्या लहान माशांकडे येतो, कारण मला खरं त्यांच्याबद्दल लिहायचं आहे. खडरी मोठा मासा, त्याचे फोटो निघतात. पण यादीत बोटभर लांबीचाही एक आहे. त्याचं स्पेलिंग मुल्या दिसतं, उच्चार मल्या किंवा मळ्या. आजचं नाव गारा मुल्या. मॉलमधल्या फिश स्पामध्ये पाय बुडवून बसलात तर पायाची त्वचा टोकरणारे जे मासे प्रसिद्ध झाले, त्या पश्चिम आशियातल्या गारा रूफाचा हा चुलतभाऊ. याचं तोंड खालच्या बाजूला असतं आणि खालच्या ओठाची चकती झालेली असते. वाहत्या पाण्यात ती चकती दगडाला चिकटवून हा उभा राहतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. नदी जितकी जोरात, तितका हा निवांत. वरून बघणाऱ्याला दगड दिसतो, मासा दिसत नाही.

असे दगडाला धरून राहणारे मासे सह्याद्रीत आणखी आहेत. झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचा पहिला संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल याने १९१९ मध्ये घाटातल्या ओढ्यांमधल्या माशांवर लिहिलं आणि खंडाळ्याच्या एका चिमुकल्या माशाची पहिली नोंद केली. तोही असाच, खडकाला चिकटून प्रवाहात राहणारा. हे मासे नदीच्या पाण्यावर जगतात असं म्हणणं अर्धवट आहे. ते पाण्याच्या वेगावर जगतात. त्यांना स्वच्छ दगड हवा, प्राणवायूने भरलेलं उथळ खळखळतं पाणी हवं. पाणी साठलं, गाळ बसला, दगड बुळबुळीत झाला की त्यांचं घर गेलं, मग पाणी कितीही असो.

आणि पुण्याच्या नद्यांचं नेमकं हेच झालं. मुठेवर खडकवासल्याचं धरण १८७० च्या दशकात उभं राहिलं. मग पानशेत, वरसगाव, पवना. शहर वाढलं, सांडपाणी नदीत आलं. परदेशी चिलापी आला. भारतात हा तिलापिया १९५२ मध्ये आणला गेला, आता कुठल्याही मेलेल्या पाण्यात तोच सापडतो. पुण्याच्या माशांची गणती साइक्सनंतरही होत राहिली. १९४० च्या दशकात फ्रेझरने केली, पुढे इतरांनी. २००३ साली हेमंत घाटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा जाळी टाकली आणि जुन्या याद्यांशी ताडून पाहिलं. पूर्वी नोंदलेले बरेच मासे मिळाले नाहीत. मधल्या काळात, १९७६ मध्ये, पुंटियस डेकॅनेन्सिस नावाचा एक छोटा मासा पुण्यातून नव्याने नोंदवला गेला होता. तो आता 'अतिसंकटग्रस्त' यादीत आहे. नकटा 'संकटग्रस्त'. सांदखोळ आणि पोटेल हेही त्याच ओळीत. चाकणला आता गाड्या बनतात.

इथवर गोष्ट घाटावरची झाली. मी घाटाखालचा. माझं गाव रायगड जिल्ह्यात, कोलाडच्या आसपास, कुंडलिका नदी जवळ. लहानपणी आम्हाला कुंडलिकेचं कौतुक यासाठी होतं की ती मे महिन्यात आटत नाही. कोकणातल्या नद्या फेब्रुवारी-मार्चपासून तुटायला लागतात, मधेमधे फक्त कोंड उरतात. आमच्याकडे वाडीलाही कोंड म्हणतात आणि नदीतल्या डोहालाही. पण कुंडलिका वाहत राहते, आणि आता तर तिच्यात भर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईचे लोक राफ्टिंग करतात. ते पाणी आमचं नाही, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. ते मुळेचं आहे.

टाटांनी मुळशीला मुळा अडवली आणि तिचं पूर्वेला जाणारं पाणी बोगद्यातून, नळांतून पश्चिमेला वळवून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला सोडलं. त्यावर वीज तयार होते, मग ते पाणी कुंडलिकेत पडतं. भिऱ्याचं वीजघर १९२७ चं. खोपोलीचं त्याआधीचं, १९१५ चं, तिथलं पाणी पाताळगंगेला मिळतं. मुळशीच्या शेतकऱ्यांनी जमिनी वाचवायला सत्याग्रह केला, १९२१ च्या रामनवमीला सुरू झालेला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे यांची नावं आपल्याला शाळेत भेटतात. तीन वर्षांनी तो संपला, गावं पाण्याखाली गेली, मुंबईचे दिवे लागले. या इतिहासात माणसं हरली हे लिहिलेलं आहे. मासा कोणाच्या बाजूचा नव्हता, म्हणून तो कुठल्याच निवेदनात नाही. पण बंगालच्या उपसागराला जायचं पाणी अरबी समुद्राकडे वळतं तेव्हा दोन्हीकडच्या नद्या बदलतात. घाटावर मुळेचा वेग गेला, जागेवर तलाव आला. घाटाखाली कुंडलिकेला वेग मिळाला, पण तो विजेच्या मागणीवर चालणारा. वीजघरातून पाणी सुटलं की नदी चढते, बंद झालं की उतरते. राफ्टिंगवाल्यांना ही वेळ पाठ असते. दगडाला धरून बसलेल्या बोटभर माशाने त्या वेळापत्रकात कसं बसायचं?

खाली डोलवहाळला बंधारा, त्याखाली रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत, आणि मग रेवदंड्याची खाडी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली, तीत महाराष्ट्राचे ५३ पट्टे होते, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. मुळा, मुठा, इंद्रायणी त्यात आहेतच. कुंडलिका, पाताळगंगा, सावित्रीही आहेत. साइक्सची यादी आणि ही यादी शेजारी ठेवली की नद्यांची बरीच नावं तीच निघतात.

मोठ्या माशांचं थोडं वेगळं झालं. त्यांना वाली मिळाले. महाडजवळ बिरवाडीच्या पुढे काळ नदीवर वाळण कोंड आहे. काठावर वरदायिनी देवीचं ठिकाण, डोहात देवीचे मासे. लोक पुलावर उभं राहून कुरमुरे टाकतात आणि काळ्याभोर पाठीचे महसीर वर येतात. कोणी गळ टाकत नाही, टाकला तर गाव बघून घेईल. सरकारी अभयारण्याचा बोर्ड लागण्याच्या कितीतरी आधीपासून तो डोह अभयारण्य आहे. आणि लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर १९७० च्या दशकात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी खडरीची कृत्रिम पैदास यशस्वी केली. इथली पिल्लं देशभर गेली. कावेरीतही सोडली, आणि तिथे ती इतकी मातली की कावेरीचा स्वतःचा कुबडवाला महसीर अतिसंकटग्रस्त झाला त्यात हिचाही वाटा धरतात. मुठा-मुळेतून जवळजवळ हद्दपार झालेली खडरी कावेरीत घुसखोर ठरली. भलं करायला जाताना नदी कुठली हे विसरलं की असं होतं.

या कुलकर्ण्यांबद्दल एक जाता जाता. त्यांनी १९५२ मध्ये कोल्हापूरकडच्या एका लहानशा माशाचं वर्णन छापलं, जो दुसऱ्या माशांची खवलं ओरबाडून खातो. नाव काय ठेवलं? खवलचोर. लॅटिनमध्ये, जगभराच्या संग्रहालयांतल्या बरण्यांवर, खवलचोर. साइक्सने दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेली मराठी लिहिली. कुलकर्ण्यांनी स्वतःची लिहिली. ही रीत अजून चालू आहे. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी, महादेवाच्या देवळाच्या कुंडात, एक छोटा मासा राहतो. गावातले लोक त्याला देवाचा मासा म्हणत. २०२० मध्ये तो शास्त्राला नवा म्हणून प्रसिद्ध झाला, नाव शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. लहान माशाला देव आणि सरकार दोन्ही लाभल्याचं हे विरळ उदाहरण. जागा किती? सुमारे दोन हेक्टर. आमच्या खराडीच्या कॅम्पसचं पार्किंग धरलं तर तेवढं भरेल.

मल्याला यातलं काही नाही. त्याची गरजही नाही असं जागतिक लाल यादी म्हणते, कारण तो अजून पुष्कळ नद्यांत आहे आणि 'चिंता नाही' या रकान्यात बसतो. पण रकाना संपूर्ण जातीचा असतो, ओढ्याचा नसतो. २०११ साली पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्यातल्या २९० माशांचा आढावा घेतला गेला, त्यात तिसऱ्या हिश्शाहून जास्त जाती धोक्यात निघाल्या. आणि त्यांच्या कारणांची यादी वाचली तर ती सगळी मल्याच्या दारात उभी आहेत. आमच्या वहाळातले गोटे आणि रेती बांधकामाला गेली. फार्महाऊसवाल्यांनी वरच्या अंगाला पाणी अडवलं. पूर्वी गेळफळ ठेचून टाकायचे, त्याने मासे गुंगायचे आणि मोठे तेवढे उचलले जायचे. आता ब्लीचिंग पावडरचं पुडकं येतं, आणि डोहातलं अंडीसुद्धा वाचत नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये घरी गेलो तेव्हा पहिला मोठा पाऊस पडून गेला होता. आमच्याकडे याला वलगण म्हणतात. खाडीतून, नदीतून मासे उलटे चढतात, वहाळातून शेतात येतात, अंडी घालायला. अख्खं गाव रात्री टॉर्च घेऊन बांधावर असायचं. या वेळी आम्ही दोघेच होतो, मी आणि माझे थोरले काका, ज्यांना सगळे तात्या म्हणतात. तात्यांचं वय सत्तरीच्या पुढे. येंडीत आलं ते पसाभर.

"काय रे, पुण्याला मासं मिळत नाय काय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "तात्या, मला खायला नकोत. नावं हवीत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग टॉर्च माझ्या हातात दिली आणि येंडीत हात घातला. एकेक बाहेर काढून तळहातावर ठेवत गेले. खरपा. शिंगटी. मुरा. बारीक मरळ, तिला परत सोडली. मग एक काळपट, बोटभर, पोट सपाट असलेला, तळहाताला चिकटायला बघणारा.

"मळ्या," ते म्हणाले.

मी फोनवर लिहून घेत होतो. साइक्सने दोनशे वर्षांपूर्वी लिहिलेला शब्द मी मराठीत परत लिहीत होतो, तो या बाजूच्या घाटाखाली, वलगणीच्या चिखलात. मग त्यांनी शेवटचा काढला. पिवळसर, अंगावर बारीक पट्टे, मल्याहून लहान. टॉर्चच्या उजेडात उलटापालटा करून बघितला.

"आणि हा?"

तात्या बराच वेळ गप्प होते.

"ह्याचं नाव आबांना म्हायती होतं," ते म्हणाले, आणि मासा वहाळात सोडला.